बेडकी पळणार नाही

४ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. आधी भांडते, क्षेमकुशल मागाहून.

'पोरीला लाडावून ठेवलंयस, चार दिवस माझ्याकडे पाठव, कशी पळत नाही बघते' हे तुमचं पत्र मी घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलंय, नाहीतर फाडलं असतं. तुम्ही माझ्या मोठ्या नणंदबाई, शिवाय माझ्या लेकीला पाण्यात पहिल्यांदा तुम्हीच सोडलंत, म्हणून दमानं लिहितेय. तुमच्या कानांत आयुष्यभराचं तलावाचं पाणी साचलंय. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर आपण भांडतो. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही, तेवढंच समाधान.

मार्चमध्ये आमच्याकडे तो साथीचा ताप येऊन गेला. तुमचे बंधुराज बोटीवर होते, सुटले. मी आठवड्याभरात बस चालवायला पुन्हा रुजू झाले. पोरीला तर माझ्यापेक्षा कमीच ताप होता. तो उतरला, तिनं उठून खायला मागितलं, मला वाटलं संपलं एकदाचं. ताई, ते तिथून सुरू झालं.

एक दिवस ती चांगली असते. शाळेत जाते, खेळते, मला जुन्या पोरीसारखी उलट उत्तरं देते. आणि मग दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या दिवशी, मान उशीवरून उचलत नाही. अंघोळ स्टुलावर बसून. केस विंचरताना अर्ध्यात हात खाली येतात, उरलेले मी विंचरते. उभी राहिली की छाती धडधडते आणि भिंत धरते. धड्यातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आणि मग पुस्तक मिटून रडते. माझ्या युनिफॉर्मच्या डिझेलच्या वासाला ती कधी कुरकुरली नाही, आता साबणाला जळक्या रबराचा वास येतो म्हणते.

तीन डॉक्टर झाले. रक्त, छाती, हृदय, सगळं तपासलं. पहिला म्हणाला, रिपोर्ट नॉर्मल आहेत, अभिनंदन. दुसऱ्यानं टॉनिक दिलं. तिसऱ्यानं चष्मा काढून मला विचारलं, 'घरात काही ताण? वडील बाहेर असतात ना?' मी म्हटलं, ते तिच्या जन्माआधीपासून बोटीवर आहेत, मग हा ताण अकरा वर्षं वाटेत कुठे अडकला होता? त्याला ते आवडलं नाही.

शाळेतल्या बाई म्हणतात, 'पण मंगळवारी तर हसत होती.' हसणं म्हणजे चोरी, आणि ती पकडल्यासारखं सांगतात.

माझी मुलगी ढोंग करत नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं, शाळेला सांगितलं, आता तुम्हाला सांगतेय. पुन्हा सांगायची वेळ आणलीत तर ओरडून सांगेन, तुमच्या कानांनाही ऐकू जाईल असं.

बाकी ठीक. तब्येतीला जपा.

तुमची वहिनी

१२ ऑगस्ट

ड्रायव्हरीणबाई,

पत्र डब्याखाली कशाला ठेवलंस? फाडायचं होतंस. मनात ठेवलेला राग पोटात जातो.

मी ढोंग म्हटलेलं नाही, पुन्हा वाच. मी म्हणाले, सवय. शरीराला पडून राहायची सवय लागली की ते उठायचं विसरतं. माझ्याकडे आजारातून उठलेली किती पोरं आली, पहिल्या दिवशी काठाला धरून रडली, आणि महिन्यात मासे झाली. बिछाना म्हणजे चिखल आहे बाई, जितका वेळ थांबशील तितकी रुतशील. तू दिवसभर एवढं मोठं धूड रस्त्यावरून चालवतेस आणि अकरा वर्षांच्या पोरीला चार पावलं चालवायला घाबरतेस?

रिपोर्ट चांगले आलेत ना? मग आनंद मान आणि कामाला लाग.

सोबत बंद पाकीट आहे, तुझ्या लेकीच्या, माझ्या बेडकीच्या नावाचं. तुला माझा नियम माहीत आहे. स्पर्धेआधी मी प्रत्येक पोहणाऱ्याला असं पाकीट देते आणि ते आईबापांनी उघडायचं नसतं. इतक्या वर्षांत एकाही आईनं उघडलेलं नाही. तू पहिली होऊ नकोस.

कोच

(सोबतच्या पाकिटात)

बेडके,

पाकीट कसलं ते तू ओळखलंस. म्हणजे तू आता माझ्या संघात आहेस.

तुझी आई फार चांगली आहे, पण ती आई आहे. मी कोच. तुमच्या घरासमोर रस्ता ओलांडायचा पूल आहे, दोन्ही बाजूंना उंच जिन्यांचा. आई दुपारपाळीला गेली की पुलावर चढायचं, पलीकडे उतरायचं, परत यायचं. सुरुवातीला एकच फेरी. मग हळूहळू वाढव. घाई करायची नाही आणि रडायचंही नाही. दमलीस असं वाटलं की माझं वाक्य म्हणायचं: अजून एक. थकवा खोटारडा असतो. तुझ्यात भरपूर ताकद उरलेली असताना तो संपली संपली म्हणून बोंब मारतो.

तू बळकट आहेस. तुला पहिल्यांदा पाण्यात सोडलं तेव्हा तू रडली नव्हतीस, मला चावली होतीस. मी ते विसरलेले नाही.

तुझी तयारी झाली की आईला एकदम दाखवू. तोवर तोंड बंद.

आत्या

२९ ऑगस्ट

आत्या,

पाकीट मिळालं. आईनं माझ्या हातात दिलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. पण खिडकीच्या काचेत तिला सगळं दिसत होतं, म्हणून मी चादरीत शिरून वाचलं.

पहिली फेरी केली! वरून खूप मजा येते. बसचे टप इतके घाण असतात हे आईला माहीत नसणार. मला सांगायचं होतं, पण सांगितलं तर मी वर कशाला गेले होते ते विचारेल. त्या दिवशी मी इतकी खूश होते की भांडीसुद्धा घासली.

दुसऱ्या दिवशी पाय कुणीतरी दुसऱ्याचे लावल्यासारखे झाले. त्याच्या पुढच्या दिवशी डोळे उघडवेनात. आईला वाटलं शाळेमुळे झालं. मी तसंच वाटू दिलं. बरं वाटल्यावर परत गेले आणि परत तसंच झालं. पण मी सोडलेलं नाही.

एक विचारू? थकवा खोटारडा असतो ना, मग तो दुसऱ्या दिवशी का येतो? आमच्या वर्गातले खोटारडे लगेच बोलतात.

इथे थांबते. अक्षरं हलायला लागली.

आता पुढचं लिहितेय, मध्ये दोन दिवस गेले. कालपरवाचं वाचून बघितलं, चांगलं लिहिलंय मी. तर शाळेत असं सांगितलंय की दिवाळीच्या सुटीनंतर मी पूर्ण दिवस यायचं आणि मैदानावरच्या चाचणीत पळायचं. नाहीतर मला खालच्या वर्गात बसवतील, लहान मुलांत. माझी मैत्रीण म्हणाली, 'तुझं बरंय, मनात आलं की आजारी.' मी हसले. ती माझी मैत्रीण आहे म्हणून हसले. पण आत्या, मला तिला चावावंसं वाटलं, तुला चावले होते तसं.

मी चाचणीत पळून दाखवणार. मग कुणी काही बोलणार नाही. आईला सांगू नकोस.

बेडकी

१० सप्टेंबर

ताई,

तुम्ही म्हणाल, आता काय नवीन. नवीन हेच की पोरगी आणखी बिघडलीय आणि मला कारण सापडत नाही.

मध्ये थोडी वर आली होती. शाळा अर्धी केली, पाहुण्यांना येऊ दिलं नाही, टीव्ही बंद ठेवला, तर चेहऱ्यावर जरा तजेला दिसला. मग कुठून कसं कुणास ठाऊक, परत खाली. आता पूर्वी आडवं पडून एक दिवस जायचा तिथे तीनचार जातात. घरी यायला मला उशीर होतो, येऊन बघते तर ही भिंतीकडे तोंड करून पडलेली, गाल तापलेले, विचारलं तर म्हणते 'काही नाही केलं.' मी विचारलेलंही नसतं काही केलंस का.

शाळेतून बोलावणं आलं होतं. खालच्या वर्गाची गोष्ट त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितली. 'तिच्याच भल्यासाठी. तिला झेपत नाही ना?' ताई, पोरीची बुद्धी खालच्या वर्गाची नाही. तिच्या वर्गातल्या पोरांपासून तोडली तर ती पुस्तकांनाही पाठ फिरवेल, मी तिला ओळखते. मी सांगितलं, वर्ग बदलायचा असेल तर मला आधी खुर्चीवरून उचलून बाहेर टाकावं लागेल, आणि मी वजनदार आहे. त्यांनी सुटीनंतर पुन्हा भेटू म्हटलं.

तुम्ही बेडकीला काय लिहिलंत ते मी विचारत नाही. तुमचं पत्र आल्यापासून ती रडत मात्र नाही, तेवढं खरं. त्याबद्दल तुमचे आभार मानते, भांडण बाजूला ठेवून.

तुमची वहिनी

१६ सप्टेंबर

बेडके,

दुसऱ्या दिवशी येतो कारण थकवा आळशी असतो, पत्ता शोधत उशिरा पोचतो. अशा पाहुण्याला दार उघडायचं नसतं.

सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. सोडू नकोस. चाचणीला फार वेळ नाही. अजून एक.

आत्या

(आईला सांग, तिचं पत्र पोचलं. सविस्तर लिहीनच.)

२७ सप्टेंबर

ताई,

हे डेपोच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. घरी लिहिलं तर पोरीला माझा चेहरा दिसेल.

गुरुवारी दुपारपाळीला मी माझ्या नेहमीच्या मार्गावर होते, गाडी खच्चून भरलेली. आमच्या घरासमोरच्या पुलाखालून जाताना मी कधी वर बघत नाही. पण पुढे सिग्नल लागला होता आणि रांगेत उभं राहावं लागलं. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर पिवळा स्वेटर दिसला. मी मनाशी म्हटलं, दुसऱ्या कुणाची तरी असेल, आपली घरी झोपलीय. मग तो स्वेटर कठडा धरून खाली बसला आणि बसल्याचा आडवा झाला. लोक बाजूनं चढत होते, उतरत होते.

सिग्नल सुटला. ताई, इतक्या वर्षांत मी स्टॉप नसताना गाडी थांबवलेली नाही. हात करत धावत येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी नाही, ओळखीच्यांसाठी नाही. लोक त्यावरून मला शिव्या घालतात. मी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला आणि उतरले. मागून कुणीतरी ओरडलं, 'ओ बाई, हा स्टॉप नाहीये!' मी म्हटलं, 'आज आहे.'

ओठ पांढरे पडले होते तिचे. मला ओळखलं आणि म्हणाली, 'अजून एक राहिलीय.' मला वाटलं तापात बरळतेय. मी आणि कंडक्टरनं तिला उचलून खाली आणलं. मघाशी ओरडलेल्या माणसानंच पुढचा लांब बाक रिकामा करवला. एका बाईनं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर उचलून घेतले. गाडी भरलेली होती, ती टाकून मला घरी पळता येत नव्हतं. शेवटच्या थांब्यापर्यंत मी गाडी नेली. आरशात मला तिचे बूट दिसत होते आणि मी रस्त्याकडे बघत होते. ते कसं केलं ते मला विचारू नका.

शेवटच्या थांब्यावर तिनं सगळं सांगितलं. तुमचं पाकीट, पूल, फेऱ्या, 'थकवा खोटारडा.' 'आत्याला रागावू नकोस' असंही सांगितलं. आजवर मी तिच्या बाजूनं जगाशी भांडत होते आणि ती माझ्या मागे जिने चढत होती. का, ते कळलं मला. मी तिला आजारी म्हणत होते आणि तुम्ही बळकट म्हणालात. कुठल्या पोराला आजारी व्हायला आवडेल?

त्या दिवसापासून ती अंधारात पडून आहे. पडदे ओढलेले. चमच्यानं भरवते. कुजबुजले तरी कानांवर हात ठेवते. मार्चमध्येसुद्धा इतकी वाईट नव्हती.

डेपोनं माझ्याकडून खुलासा मागितला. मी लिहिलं, 'मुलगी जिन्यावर पडली होती म्हणून गाडी थांबवली. पुन्हा पडली तर पुन्हा थांबवीन.' मॅनेजर म्हणाले दुसरं वाक्य काढा. मी म्हटलं, हवं तर पहिलं काढा.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहिलंय. आता पत्र पाठवू नका. पाकीट तर नकोच नको.

५ ऑक्टोबर

ड्रायव्हरीणबाई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. हे पाकीट उघडं आहे, बघ.

अंगात ताप असलेलं पोर मी कधी पाण्यात उतरवलेलं नाही. आईबाप स्पर्धेसाठी हातापाया पडले तरी नाही. तोंड बघूनच घरी पाठवते. बेडकीचा आजार मला कागदावर दिसला नाही, म्हणून तो नाहीच असं मी धरलं. तू तीन डॉक्टरांची तक्रार केलीस. चौथी मी निघाले, आणि मी तर तिला तपासलंही नव्हतं.

पोरीनं मला विचारलं होतं, थकवा दुसऱ्या दिवशी का येतो. सगळं त्या एका प्रश्नात होतं आणि मी त्यावर विनोद केला. त्याची मला लाज वाटते. माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यायची की नाही ते ठरवावं लागेल, तुला आधीच कामं कमी नाहीत.

पाकिटांचा नियम मी बंद केला. तलावावर सगळ्या आयांना बोलावून सांगितलं की मी मुलांना जे लिहीन ते तुम्ही आधी वाचायचं. एक म्हणाली, आम्ही नेहमीच वाफेवर धरून उघडत होतो. म्हणजे नियम पाळणारी तू एकटीच निघालीस.

आता कामाचं. माझ्याकडे लहानपणी पोहायला येणारी एक मुलगी आज मुलांची डॉक्टर आहे, तुमच्याच शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात. तापानंतर न सावरलेल्या मुलांसाठी ते आठवड्यातून एकदा वेगळं बसतात. मी फोन केला, ती ओरडून बोलली, मला ऐकू यावं म्हणून आणि रागानंही. म्हणाली, 'कोच, या मुलांचे रिपोर्ट चांगले येतात, मुलं चांगली नसतात. यांना पळवायचं नसतं.' तासभर मला झापलं. झापायची पद्धत माझीच होती, त्यामुळे कुठे लागतं ते बरोबर ठाऊक होतं तिला.

तिचा नंबर मागे लिहिलाय. माझ्यासाठी जाऊ नकोस, पोरीसाठी जा. शाळेत भांडायला माणूस कमी पडला तर मी गाडी पकडून येते. ओरडण्यात मला अजून कुणी हरवलेलं नाही.

कोच

३० ऑक्टोबर

उत्तर नाही. बरोबर आहे. माझा भाऊ बोटीवरून कळवतो तेवढं कळतं, ते म्हणजे 'ठीक आहे'. त्याला बुडताना विचारलं तरी ठीक आहे म्हणेल.

तलावावर जाते, शिकवते, घरी येते. बेडकी उठून बसते का, एवढंच कुणीतरी लिहा.

२४ नोव्हेंबर

आत्या,

अक्षर आईचं आहे, शब्द माझे. मला थोडंच लिहिता येतं म्हणून मी सांगते आणि ती लिहिते. काहीही बदलायचं नाही अशी शपथ घातलीय.

(ताई, मी फक्त हात आहे. तुमच्याशी अजून बोलत नाही.)

मी उठून बसते. जेवते टेबलाशी. तुझ्या डॉक्टरताईंकडे गेलो होतो. तिथे बाहेर माझ्यासारखी पुष्कळ मुलं होती, काही तर बाकांवर आडवी, आणि त्यांना कुणी 'नीट बस' म्हणत नव्हतं. एका मुलाला चॉकलेटला मातीचा वास येतो. मी त्याला माझा साबण सांगितला. खूप दिवसांनी मला कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही.

डॉक्टरताईंनी पहिलंच विचारलं, 'जास्त काही केलंस की त्रास लगेच होतो की नंतर?' मी आईकडे बघितलं आणि आई रडायला लागली.

(रडले नाही. डोळे भरून आले. ती म्हणते लिही, म्हणून लिहिलं.)

त्या म्हणाल्या, हे खरं आहे आणि याला गोळी नाही. दमायच्या आधी थांबायचं, दमल्यावर नाही. बहुतेक मुलं हळूहळू सुधारतात, पण कधी, ते सांगता येत नाही आणि खोटं सांगणार नाही. मला त्या आवडल्या. तुझं नाव काढल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

आता शाळेचं सांगते, तेच मुख्य आहे. मागच्या आठवड्यात आम्हाला बोलावलं होतं. मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, खेळाचे सर, आई आणि मी. डॉक्टरताईंचं पत्र मोठ्या बाईंनी वाचलं आणि खेळाच्या सरांना दिलं. सर काही वाईट नाहीत आत्या, ते सगळ्यांशीच तसं बोलतात. खिडकीतून मैदान दाखवून म्हणाले, 'पत्राचं जाऊ दे. मला स्वतःला बघू दे. एक फेरी मार, सावकाश. नाही जमली तर तुझं म्हणणं मान्य.'

मी उठले. खुर्ची मागे सरकवली. तो दिवस चांगला होता, आणि मला पळावंसं वाटत होतं, खरंच. मला वाटलं पळावं आणि मध्येच मुद्दाम पडावं. मग वाटलं, नको, नीट पळावं, सगळ्यांच्या पुढे.

(ताई, मी तिचा हात धरायला गेले आणि थांबले. मला त्या क्षणी तुम्ही तिथे हव्या होतात. हे मी माझं लिहितेय.)

मी म्हणाले, 'सर, मी पळणार नाही.' ते म्हणाले, का, भीती वाटते? मी म्हणाले, 'नाही. मला पळता येतं. आत्ता पळाले तर मी पूर्ण फेरी मारीन आणि तुम्ही म्हणाल, बघा, येतं की. मग उद्या मी अंधारात पडेन आणि परवा पण, तेव्हा तुमच्यापैकी कुणी तिथे नसतं. मला इथे बघून काय कळणार? आजच्या बोलण्यानंसुद्धा उद्या मी पडणार आहे. उद्या घरी या आणि बघा.'

सर म्हणाले, उलट उत्तर देऊ नये. आई म्हणाली, 'सरळच दिलंय.'

(हे मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले.)

दुसऱ्या दिवशीचं मला नीट आठवत नाही, म्हणून आई सांगेल.

(ताई, मी रजा घेतली होती. पोरगी म्हणाली होती तशीच पडली, पडदे ओढून, डोळ्यांवर कापड घेऊन. दुपारी दार वाजलं. मोठ्या बाई एकट्याच होत्या. मी सांगितलं, बोलता येणार नाही, ती ऐकूही शकत नाही फार. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन पलंगाशेजारी जमिनीवर बसल्या. मी चहासुद्धा विचारला नाही, कपांचा आवाज होईल म्हणून. बराच वेळ तशाच बसल्या होत्या. पोरीनं पाणी मागितलं, मी मान उचलून पाजलं, ते त्यांनी बघितलं. मी काही समजावून सांगितलं नाही. खूप समजावलंय मी या वर्षात.)

आता परत मी. एवढं मला आठवतं. मोठ्या बाई अगदी हळू म्हणाल्या, 'अर्धा दिवस ये. मधल्या वेळात झोपायला माझी खोली वापर. पण वर्ष संपेपर्यंत बरी झाली नाहीस तर काय करायचं आपण?'

मी डोळ्यांवरचं कापड काढलं नाही. म्हणाले, 'मग मी माझ्याच वर्गात आजारी राहीन.'

मोठ्या बाई उठल्या, बाहेर गेल्या. आई दार लावत होती तेव्हा त्या जिन्यात उभ्या राहून वर्गाच्या बाईंना फोन करत होत्या. आईनं येऊन माझ्या कानात सांगितलं त्या काय म्हणाल्या ते. म्हणाल्या, 'तिचा बाक कुणी हलवायचा नाही.'

बेडकी